माडीवरचा जुना पियानो आणि ऑर्गन खाली कसे आणायचे?

चिन्मयी_प
मंडळी, मदत हवी आहे. सदाशिव पेठेतला मामांचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, दिवाळीनंतर बिल्डर ताबा घेणार. माडीवर दोन धुडं आहेत. एक कोलार्ड अँड कोलार्डचा उभा पियानो, लंडनचा, पणजोबांनी कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला. दुसरा पायाने भाता मारायचा ऑर्गन, ज्याच्यावर आजी नाट्यगीतं वाजवायची. दोन्ही टाकून द्यायचे नाहीत हे नक्की ठरलंय, त्यामुळे कृपया "ओएलएक्सवर टाका" हा सल्ला नको.

अडचण जिन्याची आहे. भिंतीतला लाकडी जिना, जेमतेम अडीच फूट रुंद, मध्ये काटकोनात वळतो. मग पियानो वर गेला कसा? मामा म्हणतात पुढच्या अंगाला दुसरा मोठा जिना होता, तो पानशेतच्या पुरानंतर डागडुजी करताना काढून टाकला. एका पॅकर्सवाल्याला फोटो पाठवले तर तो "हो जाएगा मॅडम" म्हणाला, कसं ते विचारलं तर म्हणे चार पोरं आणतो. मला ते "हो जाएगा" ऐकूनच धडकी भरली.

याचं वजन किती असतं, काय काय सुटं होतं, आणि हे काम नक्की कोणाला सांगायचं असतं?

सदाशिव_खवचट
वाडा पियानोभोवती बांधला असेल. आधी तो दुसरा जिना शोधा, सदाशिव पेठेत काही फुकट टाकत नाहीत, पोटमाळ्यावर सापडेल.

रेटून_बोल
नको म्हणालात तरी सांगतो. एवढा खर्च करून शंभर वर्षांचं लाकूड हलवणार, मग ट्यूनिंग, मग वाळवी, मग परत ट्यूनिंग. त्यात चांगला डिजिटल पियानो येतो जो एकट्याने काखेत मारून नेता येतो. भावना ठीक आहेत पण कंबर एकच आहे.

मृगजळ
@रेटून_बोल धाग्याचा पहिला परिच्छेद वाचायची पण सोय आहे इथे.

स्वरजुळारी
मी पियानो ट्यूनिंग आणि दुरुस्तीचं काम करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

उभा पियानो साधारण २०० ते ३०० किलो धरा. सगळं वजन आतल्या बिडाच्या चौकटीचं. दोनशेच्या वर तारा असतात, त्या सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन जातो, तो ताण सहन करायला ती चौकट लागते. तुमचा कोलार्ड फार जुना असेल तर आत पूर्ण बिडाची चौकट नसून लाकडावर लोखंडी पट्ट्या असू शकतात, मग थोडा हलका. वरचं झाकण उघडून आतला फोटो टाका म्हणजे सांगता येईल.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हे वजन सगळं मागच्या बाजूला आणि वरच्या अंगाला असतं. पुढून बघणाऱ्याला वाटतं कीबोर्डचा भाग पुढे आलाय म्हणजे पुढे कलंडेल, पण उभा पियानो पाठीवर पडतो. म्हणून मागे कायम एक माणूस हवाच, आणि तो फक्त हात लावून उभा राहणारा, बाकी काही काम त्याला सांगायचं नाही.

पट्ट्यांखालचे जे दोन नक्षीदार पाय दिसतात त्यांना धरून कोणी उचलू देऊ नका. ते शोभेचे आहेत, हातात येतात. पितळी चाकांचंही तेच, ती गालिच्यावर वीतभर सरकवण्यापुरती असतात, शहाबादी फरशीवर दहा फूट ढकललात तर चाक फरशीच्या सांध्यात अडकून पायच उखडतो. पियानो स्वतःच्या चाकांवर न्यायचाच नाही, खाली ट्रॉली मधोमध घालायची. धरायचं पाठीमागच्या आडव्या लाकडांना, आणि खालून तळाच्या फळीला. मेणबत्त्यांचे ब्रॅकेट असतील तर काढून घ्या, पट्ट्यांवरचं झाकण बंद करून किल्ली लावा आणि किल्ली खिशात टाका. मग सगळीकडून गोधड्या आणि वरून पट्टे. चिकटपट्टी पॉलिशला लावू नका, निघताना पॉलिश घेऊनच निघते.

ढोल्या_ताशा
हलका करायला आतलं सगळं काढून ठेवलं तर? हातोड्या वगैरे?

स्वरजुळारी
नको. आतली हातोड्यांची अॅक्शन काढून फार तर दहा-वीस किलो कमी होतील आणि परत बसवताना तुम्ही मला रात्री अकराला फोन कराल. जुन्या इंग्लिश पियानोत बऱ्याचदा डॅम्परच्या, म्हणजे सूर थांबवणाऱ्या गाद्यांच्या, तारांचा पिंजरा पुढे असतो, तो एकदा वाकला की सरळ करायला मजुरी पियानोच्या किमतीइतकी. खालचं पॅनल मात्र काढा, ते एका स्प्रिंगच्या पट्टीवर असतं, दोन मिनिटांत निघतं.

बाबल_मडगाव
आमच्या गोव्यात जुन्या घरांत पियानो पुष्कळ. एक सांगतो, उचलायच्या आधी तळाची फळी टॉर्च मारून बघा आणि पेचकसाने टोचून बघा. मडगावाकडे एका घरात पियानो बाहेरून आरशासारखा चकचकीत, चौघांनी उचलला तर पियानो वर आला आणि तळ जमिनीवरच राहिला, पेडल सकट. वाळवीने आतून फस्त केलेला. नशीब की वीतभरच उचललेला. तळ गेला असेल तर पट्टे पाठीच्या खांबांतून घालावे लागतात, तळाखालून नाही.

चिन्मयी_प
बापरे. उद्याच बघते टोचून. @स्वरजुळारी फोटो टाकते, धन्यवाद, इतकं कोणी सांगितलं नव्हतं.

डॉ_मणका
फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेचं उचलण्याचं जे सूत्र आहे त्यात सगळं आदर्श असताना, म्हणजे वस्तू शरीराजवळ, कमरेच्या उंचीला, पीळ न घेता, चांगली पकड असताना, एका माणसाला २३ किलो धरतात. परिस्थिती बिघडली की त्यातून वजा होत जातं. आता चार पोरं गुणिले २३ करा आणि पियानो २५० किलोचा धरा. हिशोब बसत नाही, बसणारच नाही. म्हणजे पियानो उचलायचा नसतोच. एक टोक इंचभर वर घ्यायचं, खाली काहीतरी सरकवायचं, टेकवायचं, मग दुसरं टोक. ज्यांना हे काम येतं ते फार कमी उचलतात.

पट्टा बांधला म्हणजे कंबर वाचते हा गैरसमज आहे, उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त वजन घेतो. चपला घालून कोणी येता कामा नये. आणि वजन हातात असताना कमरेतून वळायचं नाही, पाय उचलून वळायचं. माझ्याकडे येणारे निम्मे लोक "एवढंसं तर होतं" असंच सांगत येतात.

रेटून_बोल
म्हणजे मी म्हणालो तेच, कंबर एकच आहे.

डॉ_मणका
हो, पण डिजिटल पियानो काखेत मारून नेणारेही माझ्याकडेच येतात.

माथाडीपुत्र
वडील मशीद बंदरला माथाडी होते, आता निवृत्त. त्यांना धागा वाचून दाखवला, ते जे बोलले ते लिहितो, भाषा जरा साफ करून.

पहिलं म्हणजे बोलणारा एकच. चार जण उचलतात आणि पाचवा, ज्याचा हात वजनाला नाही, तो आवाज देतो. मालकाने, मालकिणीने, शेजारच्या काकांनी मध्ये "अरे सांभाळून" ओरडायचं नाही. अर्धे अपघात त्या "अरे" ने होतात, कारण सगळे थांबतात आणि एक थांबत नाही.

दुसरं, रस्ता आधी रिकाम्या हाताने चालून बघायचा. उंबरे, पायपुसणी, लोंबणारी वायर, कुत्रं. वजन हातात आल्यावर खाली बघता येत नाही. कुठे टेकवून दम खायचा ते पण आधीच ठरवायचं.

तिसरं, जिन्यावरून उतरवताना जोर वरच्याने दोराने धरायचा, खालच्याने खांद्याने नाही. पायऱ्यांवर दोन लांब फळ्या टाकायच्या, वस्तू गोणपाटावर पाटाला बांधून फळीवर ठेवायची, दोर वरच्या खांबाला दोन वेढे मारून हळूहळू सोडायचा. दोन वेढे असतील तर एक म्हातारा पण धरू शकतो. खालचा माणूस फक्त दिशा द्यायला, आणि तो बाजूला, कधीच सरळ खाली नाही. पण आधी खांबाचा खालचा भाग ठोकून बघा, जुन्या वाड्यात खांब वरून सागवान आणि बुडाला भुसा असतो.

चौथं त्यांनी दोनदा सांगितलं. सुटलं तर सोडायचं. वाचवायला हात घालायचा नाही, पाय घालायचा नाही, आड यायचं नाही. सगळ्यांना आधी तोंडावर सांगून ठेवायचं की सुटला तर जाऊ दे, कोणी बोलणार नाही. मालकाच्या तोंडून ते ऐकलं नसेल तर गडी बिचारा भीतीपोटी हात घालतो आणि बोटं जातात.

मृगजळ
काकांना दंडवत सांगा. प्रतिसाद वाचनखुणांत टाकलाय.

बापू_अभियंता
काकांच्या दोन वेढ्यांचा हिशोब करून बघितला, राहवलं नाही. दोर आणि लाकूड यांचा घर्षण गुणांक ०.३ धरला तर दोन पूर्ण वेढ्यांत साधारण ४० पट फरक पडतो. म्हणजे दोराला पलीकडून १६० किलोचा ओढा असेल तर अलीकडे चार किलोने धरून ठेवता येतो. म्हातारा खरंच धरेल. दोर गुळगुळीत नायलॉनचा घेतला तर गुणांक घसरतो, मग तिसरा वेढा मारा.

जर्सीकर
इकडे न्यू जर्सीत आमच्या मंदिराच्या बेसमेंटमधून हॅमंड बी-३ हा विजेवरचा ऑर्गन काढायच्या कामात होतो, त्यावरून थोडं. हे मॉडेल १९५४ ते १९७४ बनत होतं. बाक आणि पायाचे पेडल धरून १९० किलोच्या आसपास जातं. पेडलचा २५ पट्ट्यांचा अख्खा संच नुसता उचलून वेगळा होतो, बाक वेगळा, उरलेलं खोकं ट्रॉलीवर. पण याची खोच आत आहे. सूर तयार करणारा जो जनरेटर आहे, फिरत्या दातेरी चकत्यांचा, तो आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हलवायच्या आधी तो बोल्टने आवळून जखडायचा असतो आणि पोचल्यावर सोडायचा असतो. तसाच हलवला तर ट्रकच्या प्रत्येक खड्ड्याला आत झोके. आणि चार बारीक पायांवर ओढायचा अजिबात नाही, जोडात मोडतात. याचा लेस्ली स्पीकर वेगळा, तोच साठ-पासष्ट किलो.

ढोल्या_ताशा
अवांतर, पण हा हॅमंड भारतात आणता येतो का? एकाने स्वस्तात देऊ केलाय, ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

जर्सीकर
नाही झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. याची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, अमेरिकेत ६०, तुमच्याकडे ५०. मोटर तेवढी हळू फिरणार आणि सगळं वाद्य तीन पट्ट्या खाली उतरणार.

नाट्यवेडा
म्हणजे काळी चार दाबली की पांढरी चार वाजणार. बऱ्याच गायकांची सोय होईल, वाढत्या वयात पट्टी उतरवल्याचं कोणाला कळणार नाही.

ढोल्या_ताशा
हसून हसून पुरेवाट. कॅन्सल करतो सौदा.

जर्सीकर
६० हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर मिळतो, अगदीच कॅन्सल नको. पण समुद्रमार्गे १९० किलो आणून वर इन्व्हर्टर, घरी काय सांगणार ते ठरवा.

कीबोर्डकुमार
आमच्या बँडमध्ये फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो होता, ७३ पट्ट्यांचा, ६० किलोच्या आसपास. चार पाय स्क्रूने निघतात, झाकण लागलं की सुटकेस. फोटोत सुटसुटीत दिसतो, पबच्या मागच्या गोल लोखंडी जिन्यावर कळतो. ड्रमर कायम पार्किंग शोधायला गेलेला असायचा.

नाट्यवेडा
ऑर्गनबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मला विचाराल तर या दोघांत जपायचा तोच आहे. पियानो साहेबाचा, पण ऑर्गन आपल्या संगीत नाटकाने आपलासा केला. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची, तिथे तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष आणि सोबत ऑर्गनचा भरलेला सूर, त्याशिवाय ते गाणं कल्पनेतही येत नाही. आणि या कंपन्या गावोगाव फिरायच्या, म्हणजे हे ऑर्गन बैलगाडी-रेल्वेने वर्षानुवर्षं हललेले आहेत. तेव्हा घाबरू नका, ही वस्तू पियानोसारखी बिडाची नाही, आत हवा आणि पितळी सूर, म्हणजे वाजणाऱ्या पात्या.

हलवताना एवढं करा. वर आरसा-कप्प्यांचा मनोरा असेल तर तो मागून स्क्रूने निघतो, वेगळा काढा. स्टॉपच्या, म्हणजे आवाजाचा पोत बदलायच्या, खुंट्या सगळ्या आत ढकलून ठेवा, धरायला सगळ्यात सोयीच्या त्याच वाटतात आणि त्याच तुटतात. पायातले दोन पेडल सुतळीने वर बांधून टाका, नाहीतर जिन्यावर लोंबून पायरीत अडकतात आणि भात्याचा पट्टा तुटतो. गुडघ्याने दाबायच्या दांड्या दुमडून घ्या. खालच्या चौकटीला धरून दोघे आरामात नेतील. शक्यतो उभाच न्या. आडवा केला की आतली वर्षांची धूळ सुरांवर बसते, मग चार-सहा पट्ट्या मुक्या होतात आणि लोकांना वाटतं वाद्य गेलं. गेलेलं नसतं, सूर काढून ब्रशने साफ केला की बोलतो. भाता मात्र उंदरांनी सोडला असेल अशी आशा धरू नका.

स्वरजुळारी
+१. या ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो, पेटीसारखा बाहेर ढकलत नाही, त्यामुळे कुठेही बारीक भोक असलं तरी घरभराची धूळ ओढून घेतो. जागेवर पोचल्यावर आधी सफाई, मग वाजवणं.

चिन्मयी_प
फोटो टाकलेत. पियानोच्या तळाला वाळवी नाही, देवाची कृपा. आत पूर्ण बिडाची चौकट आहे म्हणजे जडच. मापं: लांबी ५ फूट, उंची ४ फूट, खोली २ फूट. खांब ठोकून बघितला, एक बद्द वाजला, एक चांगला वाटला. मग काकांच्या पद्धतीने जिन्यावरून दोराने करू का?

बापू_अभियंता
थांबा. मापं दिलीत ते बरं झालं. सरळ जिन्यावरून दोन फूट खोली अडीच फुटांत जाईल, प्रश्न वळणाचा आहे. काटकोनी वळणावर पियानो टोकावर उभा केला, म्हणजे पाच फूट उंची केली, तरी जमिनीवर ४ बाय २ चा चौकोन उरतो. अडीच फुटी बोळातून काटकोनात वळायला दोन फूट रुंदीची वस्तू जास्तीत जास्त तीन फुटांच्या आसपास लांब चालते. तुमची चार आहे. म्हणजे तो जाणार नाही, कितीही पोरं आणा. पॅकर्सवाला मधल्या वळणावर अडकवून निघून गेला असता आणि मग वर जायची पण वाट बंद.

सदाशिव_खवचट
मामा वर असते तर बिल्डरला ताबा मिळालाच नसता. आयडिया वाईट नाही.

माथाडीपुत्र
बाबा म्हणतात बरोबर आहे, वळण बघितलं नव्हतं. वळणावर दोर कामाचा नाही.

मृगजळ
एक बाळबोध प्रश्न. वाडा पाडणारच आहेत ना? मग जिन्याची काळजी कशाला? माडीच्या रस्त्याकडच्या खिडकीची चौकट काढा, खालची भिंत काढा, तिथून सोडा. कोण विचारणार आहे?

बापू_अभियंता
मी इतका वेळ बोळाचं भूमितीशास्त्र करत बसलो आणि हे सुचलं नाही. अगदी योग्य. फक्त भिंत काढताना वर तुळईचा भार कुठे येतोय ते कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला बघू द्या, आणि टांगायला वाड्याची तुळई वापरू नका. बाहेरून लोखंडी परांची उभारून आडव्या गर्डरला एक टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी. हायड्रा क्रेन तुमच्या गल्लीत शिरेल असं वाटत नाही, शिरली तरी वरच्या वायरी आहेत.

स्वरजुळारी
चपटे नायलॉनचे पट्टे दोन, तळाखालून, मधल्या भागापासून सारख्या अंतरावर, आणि ते एकमेकांकडे सरकू नयेत म्हणून आडवा तिसरा. कीबोर्डच्या खालच्या भागावर भार येता कामा नये. झुलू नये म्हणून दोन्ही टोकांना हातदोर. खाली रस्त्यावर कोणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणारे धरून. आणि पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय नाही, ओलं हवामान त्याला तसंही मानवत नाही.

चिन्मयी_प
बिल्डरच्या कॉन्ट्रॅक्टरशी बोलते. धागा वर ठेवा.

चिन्मयी_प
अपडेट देते, उशीर झाला, दिवाळी मध्ये आली.

कॉन्ट्रॅक्टर उलट खूश झाला, म्हणाला खिडकी काढायचीच होती. परांची त्यांचीच, चेन ब्लॉक भाड्याने. मी माथाडीकाकांचं वाक्य सगळ्यांना आधी म्हणून दाखवलं, सुटला तर सोडा, कोणी काही बोलणार नाही. त्यांच्या मुकादमाने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं आणि मग स्वतः सगळ्यांना परत एकदा सांगितलं. आवाज फक्त त्याचा. मामांना मुद्दाम चहा आणायला पाठवलं होतं, नाहीतर "अरे सांभाळून" त्यांनीच ओरडलं असतं. पियानो चौकटीतून बाहेर आला तेव्हा थोडा मागे कलला, सांगितल्याप्रमाणे पाठीकडेच, हातदोरवाल्याने धरला. खाली टेम्पोत गोधड्यांवर.

ऑर्गन जिन्यावरून दोघांनी आणला. मनोरा काढलेला, पेडल बांधलेले. भात्यात उंदरांचं घर आहे, नाट्यवेडा यांची भीती खरी ठरली. तो कोथरूडला लिफ्टमधून गेला. पियानो लिफ्टमध्ये जाणं शक्यच नव्हतं, तो मावशींकडे कर्वेनगरला तळमजल्यावर ठेवलाय, बाहेरच्या भिंतीपासून लांब. ट्यूनिंग लगेच करून घेऊ का?

स्वरजुळारी
दोन-तीन आठवडे नवीन जागेची हवा लागू द्या, मग. आत्ता केलं तर परत उतरेल. आणि पावसाळ्याच्या दमटपणासाठी कोणी आत बल्ब पेटता ठेवायला सांगेल, जुन्या मुंबईत ती पद्धत होती, पण लाकूड आणि फेल्टच्या शेजारी गरम बल्ब सोडून घराबाहेर जाणं मला पटत नाही. त्यासाठी बारीक हीटरची कांडी मिळते, ती बसवून घ्या.

नाट्यवेडा
भात्याचं कापड बदलायला घ्याल तेव्हा रबर चढवलेलं कापडच मागा, साधं रेक्झिन लावून देतात ते लवकर तडकतं. आणि सूर काढताना ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा.

रेटून_बोल
खर्च किती आला ते सांगा की.

चिन्मयी_प
डिजिटल पियानोपेक्षा कमी. समाधान?

ढोल्या_ताशा
आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गोदरेजचं तीन दारी कपाट आहे आणि आमची चाळ पाडणार नाहीयेत. परांचीवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.